कुसळं पडायच्या आत विळा लावा

माळावरचं, बांधावरचं गवत आता फुलोऱ्यात आलंय. दोन दिवस उघडीप दिसली की कापा. "सोयाबीन निघू दे, मग बघू" म्हणता म्हणता दिवाळी उलटते आणि हाती येतात पिवळ्या काड्या. वर्षानुवर्षं हेच बघतोय. पीक गेलं तर पंचनामा तरी होतो. उभ्या गवताची काडी झाली तर त्याला नुकसान म्हणायलाही कोणी तयार नसतं.

शिफारस साधी आहे: निम्म्या गवताला फुलं दिसली की कापणी. कुसळी सगळ्यात आधी, कारण तिची कुसळं एकदा टणक झाली की जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या कातडीत घुसतात. मारवेल, पवन्या चार-सहा दिवस थांबतील, त्याहून जास्त नाही. फुलोऱ्यातल्या रानगवतात प्रथिनं ६-७ टक्क्यांच्या आसपास असतात, उभं वाळलं की ती ३ च्याही खाली जातात.

आता हे मिथेनचं. गाय जग तापवते, असं मोबाईलवर फिरतं आणि पारावर त्यावरून हशा पिकतो. हा वायू बहुतेक सगळा तोंडावाटे, ढेकरातून जातो. कोठीपोटात, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबताना हायड्रोजन सुटतो. तिथलेच काही सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. खाल्लेल्या चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. म्हणजे जगाचं सोडा, आधी तुमचीच वैरण उडून जाते. काडी झालेलं गवत कोठीपोटात जास्त वेळ पडून राहतं, म्हणून जनावर कमी खातं. खाल्लेलं बरंचसं अंग सांभाळण्यातच संपतं, दुधाला उरत नाही, ढेकर मात्र चालूच. दिवसाचा एकूण मिथेन कदाचित थोडा कमीही भरेल, पण लिटरमागे तो वाढतो. भाकड गाय तर एक थेंब न देता वर्षभर ढेकर देते.

गोठ्यातल्या जनावराचा मिथेन बंदिस्त खोलीत मोजता येतो, चरणाऱ्याचा मोजणं अवघड. १९९४ साली अमेरिकेत एक युक्ती निघाली: कोठीपोटात ठरावीक वेगाने दुसराच एक वायू सोडणारी छोटी नळी ठेवायची, नाकाजवळची हवा गळ्यातल्या डब्यात ओढायची आणि दोन्ही वायूंचं प्रमाण ताडून बघायचं. चराईचा तिढा मिथेन घटवायच्या औषधातही तोच. लाल समुद्री शेवाळ चाऱ्यात मिसळून दिल्यावर कॅलिफोर्नियातल्या गोठ्यातल्या बैलांचा मिथेन ८२ टक्क्यांपर्यंत घटला. तेच कांडी करून कुरणावर चरणाऱ्या जनावरांना दिलं, तेव्हा घट भरली ३८ टक्क्यांच्या आसपास. कुरणावर कोणी किती कांडी खाल्ली यावर कुणाचा ताबा? आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं चाऱ्यात मिसळायचं पूरक तयार केलं. त्यानं मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं संस्था सांगते.

याचा अर्थ दुकानदार दाखवेल ती 'मिथेनवाली पावडर' घ्या असा नाही. पिशवीवर घटक आणि मात्रा नसेल तर परत करा. कार्बन क्रेडिटचे, म्हणजे मिथेन घटवल्याच्या मोबदल्याचे, पैसे मिळतील म्हणत आधी नोंदणी फी मागणारा आला तर त्याला चहा पाजा, फी देऊ नका. त्या पैशात दोन मजूर लावून गवत वेळेवर कापून होतं. बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या शेळ्या कमी फुगतात, असं मला वाटतं. शेंगांत टॅनिन असतं हे खरं, पण मी कधी मोजलेलं नाही.

कापणी:
- जमिनीपासून चार बोटं सोडून
- बियाण्यासाठी एक पट्टा राखून
- पातळ पसरून, दिवसातून दोनदा उलटून
- ओलावा १५ टक्क्यांवर आल्यावर पेंढ्या
- गंजी उंचवट्यावर, खाली दगड-लाकडं, वरून ताडपत्री

ओलावा मोजायला यंत्र नको. मूठभर गवत पिळा: काडी मोडली पण पानाचा चुरा झाला नाही, तर झालं.

रोजचं:
- कडबा, गवत कुट्टी करूनच
- दुभत्या गाईला खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम
- पाणी दिवसभर पुढ्यात
- जंतनाशक, लाळ्या-खुरकुताची लस: पशुवैद्यकाला विचारून

गवत कापायचं राहिलंच, तर काडीवर युरिया प्रक्रिया करा. १०० किलो वाळल्या चाऱ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर शिंपडून तुडवायचा आणि हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवा, सुरुवातीला थोडाच द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नको. युरियाचं पाणी बादलीत उघडं सोडून जाऊ नका, तहानलेली गाय ते पिऊन मरते. पण ही मलमपट्टी झाली. युरियाने प्रथिनं वाढतात, काडी थोडी मऊ पडते, तरी फुलोऱ्यातलं गवत काही त्यातून परत येत नाही.

आपल्या गुरांना काय मिळतंय हे बघायचं असेल तर मूठभर शेण चाळणीत धुवा. लांब, न पचलेले धागे बोटाएवढे उरले, तर चारा उशिरा कापलेला आहे किंवा कुट्टी जाड आहे.

परतीच्या पावसाची धास्ती खरी आहे, आणि म्हणूनच सगळे थांबतात. माझा अंदाज असा: पहाटे दव पडू लागलं आणि दुपारी ढग डोंगराकडेच राहिले की चार दिवस मिळतात. सगळं रान एकदम आडवं करू नका, दोन दिवसांत वाळेल एवढंच कापा. कापलेलं भिजलं तर लगेच उलटा, ओलं गंजीत रचू नका. रचलेल्या गंजीत आठवडाभर रोज कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली, कुबट वास आला, तर त्याच दिवशी गंजी मोडून पसरा.