चॉकलेटच्या पुस्तकातून शिकताना : डोंबिवलीच्या ओट्यावरील नोंदी

ते पुस्तक माझ्या हाती आले तेव्हा मी आठ वर्षे घरून केक करून देत होते, आणि तरीही त्यातील पहिली पाककृती पुरी करायला मला तीन आठवडे लागले. फ्रेंच परंपरेतील कलात्मक चॉकलेट-मिष्टान्नांचे ते जाडजूड, इंग्रजीत आलेले पुस्तक आहे : पानभर छायाचित्रे, आरशासारखे चमकणारे केक, कागदाइतकी पातळ चॉकलेटची पाने आणि खाली बारीक अक्षरात, जाता जाता सांगितल्यासारखी कृती. अशी पुस्तके अनेक होतकरू बेकर हौसेने विकत घेतात, चार दिवस चाळतात आणि मग दिवाणखान्यातील कपाटात ठेवून देतात. ती कपाटातून ओट्यावर यावीत म्हणून, मला ठेचा लागून जे कळले ते येथे नोंदवते आहे.

पहिली गोष्ट अशी की हे पुस्तक ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेले असते ते तुमचे नसते. त्या स्वयंपाकघरात बारा महिने 18 ते 22 अंश तापमान असते, क्रीममध्ये 35 टक्के स्निग्धांश असतो, लोण्यात मीठ नसते आणि चॉकलेट म्हणजे कव्हर्चर (भरपूर कोकोआ बटर, म्हणजे कोकोआची चरबी, असलेले चॉकलेट) हे गृहीतच धरलेले असते. यातील बहुतेक गोष्टी पुस्तकात लिहिलेल्या नसतात, कारण लिहिणाऱ्याला त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. पोहे भिजवताना पाणी किती शिंपडायचे हे आपण तरी कुठे कोणाला मापाने सांगतो? म्हणून बेकिंग सुरू करण्यापूर्वी पाककृती आपल्या ओट्यावर उतरवून घ्यावी लागते, आणि खरे शिकणे त्या उतरवण्यातच होते.

हे ऑपेरा केकच्या उदाहरणाने सांगते. हा पॅरिसचा केक आहे. दालोयो हे तेथील जुने दुकान 1955 सालचा त्याचा जन्म आपल्याकडे सांगते, तर काही जण लनोत्र या फ्रेंच मिष्टान्नकाराचे नाव घेतात. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आपल्या कामाची बाब अशी की छायाचित्रात जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचा दिसणारा हा केक प्रत्यक्षात पाच वेगवेगळ्या पाककृतींचा आहे : बदामाचा जोकोंद स्पंज, कॉफीचा पाक, कॉफीचे बटरक्रीम, गनाश (गरम क्रीममध्ये वितळवलेले चॉकलेट) आणि वरचे चकचकीत आवरण. मी पहिल्यांदा हे पान वरून खाली वाचत वाचत केक करायला घेतला आणि दुपारी चार वाजता स्पंज वाळून गेलेला, बटरक्रीम वितळलेले व गनाश दगड झालेला, अशी अवस्था झाली. तेव्हापासून मी वहीत आधी केकचा उभा छेद काढते, प्रत्येक थराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिते आणि सर्वांत वरच्या थरापासून मागे मोजत वेळापत्रक आखते. स्पंज आणि पाक आदल्या दिवशी होतात, बटरक्रीम सकाळी, गनाश लावण्याच्या तासभर आधी आणि आवरण सर्वांत शेवटी. नवख्या बेकरने पहिला महिना एकही पूर्ण केक करू नये, फक्त एकेक थर स्वतंत्रपणे करून पाहावा, असे माझे मत आहे. घरचे कुरकुरतील, पण नुसता गनाश पोळीला लावूनही संपतो.

जोकोंदसाठी बदामाची अगदी बारीक पूड लागते. मिक्सरमध्ये नुसते बदाम फिरवले की तेल सुटून त्याचा लगदा होतो. बदाम फ्रीजमध्ये गार करून, कृतीतील पिठीसाखरेतला काही भाग त्यातच घालून, थांबत थांबत फिरवले तर पूड मोकळी राहते. दाण्याचे कूट करताना जपतो तसेच हे. अंडी नगावर न मोजता टरफलाशिवाय वजन करून घ्यावीत, कारण पुस्तकातील अंडे साधारण 50 ग्रॅमचे धरलेले असते आणि आपल्या बाजारातील अंडी बरेचदा त्याहून लहान निघतात. वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा हवा, वाटी-चमच्याच्या मापाने या पुस्तकांच्या वाटेला जाऊ नये. लोणी बिनमिठाचे घ्यावे, पोळीला लावायचे खारट बटर या बटरक्रीममध्ये लगेच जाणवते.

बटरक्रीमसाठी साखरेचा पाक 118 अंशांपर्यंत नेऊन फेटलेल्या अंड्यांच्या बलकात धारेने सोडायचा असतो, आणि येथे मराठी घरात वाढलेल्या माणसाला एक फायदा आहे. आईने एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद पाक बोटांवर शिकवलेला असतो; पुस्तकातील 118 म्हणजे गार पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी वळावी असा आपला गोळीबंद पाकच. तरीही थर्मामीटर घ्यावाच. बोटाला पाक कळतो, पण चॉकलेटमधील एका अंशाचा फरक कळत नाही.

आता टेम्परिंगविषयी, म्हणजे चॉकलेट ठरावीक अंशांवर तापवून आणि गार करून गोठवण्याविषयी, सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचा हात येथेच अडतो. कोकोआ बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते, आणि त्यांपैकी आपल्याला पाचवे हवे असते : तेच चकाकते, तेच खटकन मोडते आणि तेच सुमारे 34 अंशांना, म्हणजे जिभेवर, वितळते. डार्क चॉकलेट आधी 45 ते 50 अंशांपर्यंत तापवतात ते जुने सगळे स्फटिक पुसून टाकण्यासाठी. मग 27-28 पर्यंत गार करतात तेव्हा चौथे आणि पाचवे अशी दोन्ही रूपे तयार होऊ लागतात. आणि पुन्हा 31-32 पर्यंत नेतात तेव्हा चौथे वितळून जाते व पाचवे तेवढे उरते. पुस्तकात हे तीन आकडे एका ओळीत दिलेले असतात. त्यांमागील कारण समजल्याशिवाय ते पाठ होत नाहीत, आणि पाठ झाले तरी चुकल्यावर नेमके काय चुकले ते उमगत नाही. मिल्क आणि व्हाइट चॉकलेटचे आकडे याहून दोन-तीन अंशांनी खाली असतात.

घरी मी पेरणीची पद्धत वापरते. 300 ग्रॅम कव्हर्चरपैकी 200 ग्रॅम वितळवायचे आणि उरलेले 100 ग्रॅम बारीक चिरून थोडे थोडे घालत ढवळायचे. न वितळलेल्या तुकड्यांतील योग्य स्फटिक बाकीच्या चॉकलेटला वळण लावतात. दुधाला विरजण लावण्यासारखाच हा प्रकार आहे, फक्त येथे रात्रभर वाट पाहावी लागत नाही. 32 अंशांवर आल्यावर सुरीचे टोक बुडवून बाजूला ठेवायचे. पाच मिनिटांत चॉकलेट रेघांशिवाय, सारख्या चकाकीने गोठले तर पुढे जायचे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

परंतु पाच मिनिटांत गोठते ते 20 अंशांच्या खोलीत. भाचीच्या साखरपुड्यासाठी मी ऑपेरा केक केला तो मे महिन्यात, आणि स्वयंपाकघरातील थर्मामीटर तेव्हा 33 दाखवत होता. टेम्परिंग बरोबर झाले होते, पण केकवर लावायची चॉकलेटची पाने गोठेचनात. घाबरून मी ताट थेट फ्रीजमध्ये सरकवले. पाने गोठली, बाहेर काढल्यावर क्षणभर सुंदरही दिसली, आणि मग दमट हवेतले पाणी त्यांच्यावर दवासारखे जमले. ते सुकल्यावर प्रत्येक पानावर खडबडीत, राखाडी थर उरला होता, कारण पाण्याने वर ओढलेली साखर तेथेच कोरडी झाली होती. दुसरा पांढुरका थर कोकोआ बटरचा असतो, टेम्परिंग बिघडले किंवा चॉकलेट उष्णतेत राहिले की तो येतो, आणि तो बोटाने चोळला की वितळून नाहीसा होतो. साखरेचा थर मात्र बोटाला खरखरीत लागतो. हा भेद मला त्या दिवशी, हॉलवर जायला दोन तास उरले असताना कळला. पाने काढून टाकून केकवर कोकोआ पावडर चाळली आणि कोणालाही काही कळले नाही, एका माझ्याशिवाय.

आता चॉकलेटचे काम मी स्वयंपाकघरात करतच नाही. मुलाच्या अभ्यासाचे टेबल, झोपायच्या खोलीतील एसी 21 अंशांवर तासभर आधी सुरू केलेला, आणि आजीचा संगमरवरी पोळपाट, एवढी माझी प्रयोगशाळा आहे. अर्धा किलोच्या आतील चॉकलेट त्या पोळपाटावर पसरून गारही करता येते. फ्रीज वापरावाच लागला तर हवाबंद डब्यातून, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचे नाही.

दुकानात चॉकलेट मागितल्यावर अनेकदा कंपाऊंड हातात येते. त्यात कोकोआ बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, म्हणून त्याला टेम्परिंग लागत नाही आणि ते उन्हाळ्यातही तग धरते. सरावाला, म्हणजे पाने कापणे, कागदी कोनाने नक्षी काढणे, कडेचा पट्टा गुंडाळणे यासाठी मी त्याला नावे ठेवणार नाही; पहिले चार महिने ते खुशाल वापरावे. पण गनाश आणि मूसमध्ये (फेटलेल्या क्रीमचा हलका, मऊ प्रकार) ते चालत नाही, चव टाळूला मेणासारखी चिकटून राहते. वेष्टनावरील टक्केवारीही पाहावी. 70 टक्के म्हणजे कोकोआ आणि कोकोआ बटर मिळून 70, बाकी मुख्यतः साखर. कृतीत 66 टक्क्यांचे सांगितले असताना 50 टक्क्यांचे घातले तर केक गोड तर होतोच, शिवाय गनाश सैल राहतो आणि थर सरकतात.

गनाशसाठी आपल्याकडचे 25 टक्के स्निग्धांशाचे फ्रेश क्रीम चालते, फेटायच्या मूससाठी मात्र ते कामाचे नाही, कारण ते फुगून उभेच राहत नाही. गनाश फाटून तेल वर आले तर तो फेकू नये. चमचाभर कोमट दूध घालून मधोमध ढवळत राहिले की पुन्हा एकजीव होतो. उलट, वितळलेल्या नुसत्या चॉकलेटमध्ये वाफेचे दोन थेंब पडले तर क्षणात त्याचा दाणेदार गोळा होतो. थेंबभर पाण्याने बिघडते आणि भरपूर गरम दूध-क्रीमने सावरते, असा हा विचित्र पदार्थ आहे : त्या गोळ्याचे टेम्परिंग आता होणार नाही, पण सॉस उत्तम होईल.

ज्यांना पुढे ऑर्डरी घ्यायच्या आहेत त्यांना बिनअंड्याच्या मागणीला तोंड द्यावे लागेल. मी स्पष्ट सांगते की जोकोंद आणि ते बटरक्रीम अंड्यावरच उभे आहे, बिनअंड्याचा ऑपेरा माझ्याकडून होत नाही. त्याऐवजी गनाश टार्ट घ्या. मूस घट्ट करणारे जिलेटिन प्राणिज असते हेही ग्राहकाला आधी सांगावे. आगर-आगर ही त्याची सरळ अदलाबदल नव्हे : जिलेटिन तोंडात विरघळते, आगर विरघळत नाही, त्यामुळे मूस मऊ न राहता तुटक होतो. घरून विकायचे असल्यास एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी करून घ्यावी. आणि किंमत ठरवताना वाया गेलेल्या चॉकलेटबरोबर एसीचे वीजबिलही धरावे, मी पहिल्या वर्षी ते धरले नव्हते.

ऑपेराचे शेवटचे काम कापणे. पुस्तकातील छायाचित्रात जो स्वच्छ, रेघारेघांचा छेद दिसतो तो मिळवण्यासाठी केक फ्रीजमधून काढून दहा मिनिटे थांबायचे, लांब पात्याची सुरी कढत पाण्यात बुडवायची, कोरडी पुसायची, एकदाच खाली दाबायची आणि प्रत्येक कापाला हे सगळे पुन्हा करायचे. चारही कडांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून टाकाव्या लागतात. आमच्याकडे त्या पट्ट्यांवरून भांडणे होतात, म्हणून मी त्या मोजून डब्यात ठेवते.