झाडांच्या शेंड्यावरच्या हवेचं तापमान कसं मोजायचं

पुण्याच्या वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या शेंड्यांवरच्या हवेचं तापमान मोजायचं असेल तर साधा डिजिटल थर्मामीटर विसरा, तो इतका स्लो असतो की सगळे चढउतार त्याच्यात सपाट होऊन जातात. केसासारख्या बारीक तारेचं थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) घ्या, तार जितकी बारीक तितकी ती हवेबरोबर पटकन बदलते आणि ऊनही कमी खाते, म्हणून वर झाकण नको. फक्त जपून हाताळा, लगेच तुटते. वनखात्याची परवानगी आधी काढा, मग लांब बांबूला बांधून शेंड्यांच्या मीटरभर वर न्या आणि सेकंदाला निदान 10 रीडिंग लॉगरमध्ये (आपोआप नोंदी ठेवणाऱ्या यंत्रात) घ्या, अर्धा तास तरी.

आता ग्राफ काढा, ही खरी मजा. एप्रिलच्या दुपारी तापमान हळूहळू चढत जातं आणि मग एकदम धाडकन पडतं, करवतीच्या दातांसारखं, कारण पानांजवळ तापलेली हवा साचते आणि वरून थंड हवेचा झोत येऊन तिला उचलून नेतो. निरभ्र रात्री बरोबर उलटं, हळूहळू उतरतं आणि झटकन चढतं. या दातांची उंची आणि त्यांच्यातलं वेळेचं अंतर लिहून ठेवा, त्यावरूनच झाडं हवेला किती उष्णता देतात याचा अंदाज काढता येतो.