कापडी पिशवीत मिरची, मधोमध मडके: गोव्याच्या गच्चीवरचे मटका सिंचन

शिगम्याला चार दिवस गावी गेलात आणि परत आल्यावर गच्चीवरच्या मिरच्या माना टाकून बसलेल्या दिसल्या, तर दोष बहुतेक वेळा कापडी ग्रो बॅगेचा असतो. ही पिशवी मुळांना हवा देते, जादाचे पाणी धरून ठेवत नाही आणि म्हणूनच मिरचीला मानवते. पण ज्या गुणामुळे ती चांगली, त्याच गुणामुळे ती वरून आणि चहूबाजूंनी वाळते. प्लास्टिकच्या कुंडीला मार्चमध्ये दिवसातून एकदा पाणी पुरते, तिथे कापडी पिशवी दोनदा मागते.

यावर उपाय नवा नाही. न रंगवलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत मातीत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि झाकायचे. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणात या पद्धतीचे वर्णन आहे आणि आपल्याकडे कोरडवाहू भागात मटका सिंचन या नावाने ती झाडे जगवायला वापरतात. मडक्याची भिंत सच्छिद्र असते. बाहेरची माती कोरडी झाली की ती भिंतीतून पाणी ओढून घेते आणि माती ओली असली की ओढ कमी होऊन झिरपणेही मंदावते. नळ नाही, टायमर नाही. किती द्यायचे ते माती ठरवते. पिशवी पाणी गमावते आणि मडके ते हळूहळू भरून काढते. ही जोडी जमली तर उत्तम, पण ती जमते की नाही हे मडके कसे निवडले आणि कसे पुरले यावरच ठरते. म्हणून या लेखात रोपापेक्षा मडक्याबद्दल जास्त लिहिले आहे.

मडके निवडताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मडकी मिळतात. डिचोली तर कुंभारकामासाठी नावाजलेलीच आहे. तिथे गेल्यावर सर्वांत देखणे मडके उचलू नका. ऑइलपेंट, वॉर्निश किंवा चकचकीत लेप दिलेले मडके आपल्या कामाचे नाही, कारण त्याची छिद्रे बुजलेली असतात. साधे, खरखरीत, विटेच्या रंगाचे हवे. विकणाऱ्या मावशींना सरळ विचारा, “ह्यात पाणी गार होते ना?” पाणी गार होते म्हणजे मडके पाझरते, कारण भिंतीतून झिरपलेले पाणी वाळतानाच गारवा तयार होतो. बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे.

घरी आणल्यावर पुरण्याआधी परीक्षा घ्याच. मडके काठोकाठ भरून सावलीत विटेवर ठेवा. काही तासांत बाहेरून दमट आणि गडद दिसायला हवे. दुसऱ्या दिवशी पातळी थोडी उतरलेली असावी. तासाभरात खाली तळे साचले तर ते मडके गळके आहे. त्यात तुळस लावा. दुसऱ्या दिवशीही बाहेरून कोरडेच राहिले तर ते जास्त भाजलेले किंवा लेप दिलेले आहे, परत करता आले तर करा.

गोल पोटाचे, अरुंद तोंडाचे मडके घ्यावे. अरुंद तोंडातून बाष्पीभवन कमी होते आणि झाकणही नीट बसते. मडके मिळालेच नाही तर लाल मातीची साधी कुंडी घेऊन तिच्या तळाचे भोक पांढऱ्या सिमेंटने बंद करा आणि वर मातीची बशी ठेवा. दिसायला बेंगरूळ, पण काम तेच करते. संक्रांतीची सुगडे मात्र फार लहान असतात. त्यांतले पाणी फळांनी लगडलेल्या झाडाला दिवसभरही पुरणार नाही.

पिशवी आणि मापे

रोपवाटिकेत ग्रो बॅग मागितली की बरेचदा हिरवी, ताडपत्रीसारखी विणलेली पिशवी हातात पडते. ती टिकाऊ असते, पण तिला हवा खेळत नाही. आपल्याला हवी ती फेल्टसारखी, जाड जिओ फॅब्रिकची. कापडी पिशवीत मूळ कडेपर्यंत पोचले की हवा लागून त्याचे टोक सुकते आणि मागे नवी तंतुमुळे फुटतात. प्लास्टिकच्या कुंडीत मुळे कडेने गोल गोल फिरत राहतात, तसे इथे होत नाही.

माप ठरवताना एकच गोष्ट लक्षात ठेवा: मडक्याच्या भिंतीपासून पिशवीच्या कडेपर्यंत चार ते पाच इंचांपेक्षा जास्त अंतर नको. त्यापलीकडची माती कोरडीच राहते. पंधरा इंच रुंद आणि बारा इंच उंच पिशवीत दोन लिटरचे, साधारण सहा इंच रुंदीचे मडके आणि समोरासमोर दोन रोपे बसतात. अठरा इंची पिशवीत तीन लिटरचे मडके आणि भोवती तीन रोपे. बारा इंची पिशवीत मडके घालण्याचा हट्ट धरू नका, मुळांना जागाच उरत नाही.

भरलेली अठरा इंची पिशवी पन्नास लिटरच्या आसपास असते आणि ओली झाली की दोन माणसांनाही जड जाते. म्हणून आधी जागा ठरवा, मग भरा. मिरचीला किमान सहा तास ऊन हवे. स्लॅबवर पिशवी थेट टेकवू नये. खाली चिऱ्याचे तुकडे किंवा विटा ठेवल्या की तळालाही हवा लागते आणि स्लॅब ओला राहत नाही.

माती

आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, आणि नुसती भरली तर दगडासारखी घट्ट होते. एक भाग चाळलेली माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करा. पंधरा इंची पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड आणि मातीचा आम्लपणा कमी करणारी सुमारे पन्नास ग्रॅम डोलोमाइट पूड घाला. कोकोपीट आधी दोन-तीनदा भिजवून पिळून घ्यावे, कारण त्यात क्षार असतात. नारळाच्या सोडणाचे जाड तुकडे मिश्रणात घालू नका. मडक्यातले पाणी मातीच्या बारीक कणांना धरून पुढे सरकते. जाड तुकड्यांमधल्या पोकळीत ते अडते. सोडणे वरून आच्छादनाला ठेवा.

मडके पुरणे

1. मडके रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरडे मडके पुरले तर तेच आधी भोवतालच्या मातीतला ओलावा शोषून घेते.

2. पिशवीत चार-साडेचार इंच माती भरा, हलके दाबा, पाणी शिंपडा. मडके मधोमध ठेवा. त्याचे तोंड मातीच्या वर इंचभर राहिले पाहिजे, नाहीतर पहिल्याच पाण्यात माती आत जाते.

3. आता मूठमूठ माती भोवती सोडत बोटांनी मडक्याच्या पोटाखाली नीट सारा. मडके फुगीर असल्याने खालच्या बाजूला पोकळी राहते, आणि जिथे माती भिंतीला चिकटलेली नाही तिथून पाणी बाहेर येत नाही. ही पायरी घाईत उरकली की पुढे महिनाभर “मडके भरलेले आहे, तरी झाड का सुकते?” हा प्रश्न पडतो.

4. पिशवी वरून इंचभर रिकामी ठेवा. संपूर्ण मातीला एकदा वरून सावकाश पाणी द्या, माती बसली की भर घाला, मग मडके भरा.

5. झाकण लगेच ठेवा. बशी, गुळगुळीत दगड, कापलेली करवंटी, काहीही चालेल, पण फट नको. गोव्यात उघडे साठवलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. बशी ठेवलीत तर उपडी ठेवा, नाहीतर तिच्यातच पाणी साचते.

बियाणे आणि लावणी

गच्चीवरच्या मिरचीसाठी वायंगणाचाच, म्हणजे पावसाळ्यानंतरचा, हंगाम धरा. सप्टेंबरच्या अखेरीस आडोशाला बी टाकले की आठ-बारा दिवसांत उगवते आणि पाच-सहा आठवड्यांत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, रोप लावणीला तयार होते. काणकोणची खोला मिरची रंगासाठी आणि पेडण्याची हरमल मिरची तिखटासाठी प्रसिद्ध. दोघींनाही भौगोलिक मानांकन आहे. खोला मुळात डोंगरउतारावरचे पावसाळी पीक आहे, पण पिशवीत हिवाळ्यात लावून पाहायला हरकत नाही. रोजच्या फोडणीला हिरवी मिरची हवी असेल तर पुसा ज्वालाला तोड नाही. मिरचीत परपरागीभवन बऱ्यापैकी होते, त्यामुळे बी राखायचे असेल तर दोन जाती शेजारी लावू नका, किंवा एका फांदीवर फुले येण्याआधी बारीक जाळीची पिशवी बांधा.

रोप मडक्याच्या भिंतीपासून दोन-तीन इंचांवर लावा. संध्याकाळी लावा आणि पहिले दोन-तीन आठवडे मडके भरलेले असले तरी वरूनही पाणी द्या. मुळे अजून भिंतीपर्यंत गेलेली नसतात. अनेकजण इथेच या पद्धतीवर फुली मारतात. नवी पालवी जोमाने फुटू लागली की वरचे पाणी हळूहळू कमी करा. महिन्याभरात मुळे मडक्याला जाळ्यासारखी वेढतात आणि मग खरे मटका सिंचन सुरू होते.

वर दोन इंच आच्छादन हवेच. काजूची, आंब्याची सुकी पाने, पेंढा, काहीही. ते नसेल तर मडके देईल तेवढे पाणी ऊन वरून उडवून नेईल.

रोजची देखभाल

थंडीत मडके तीन-चार दिवसांनी भरावे लागते, एप्रिलमध्ये रोज किंवा एक दिवसाआड. गावी जायचे असेल तर निघताना मडके भरा, वरूनही पाणी द्या आणि पिशव्या एकमेकींना चिकटवून सावलीकडे ठेवता आल्या तर ठेवा. मडके पूर्ण रिकामे होऊ देऊ नका. अर्ध्यावर आले की भरा, कारण पाण्याच्या पातळीच्या वरची भिंत पाझरत नाही.

खत मडक्यात टाकू नये, हे ठसठशीत सांगायला हवे. जीवामृत, शेणाचे पाणी, पेंडीचे पाणी हे सगळे मडक्याची छिद्रे बुजवते. विरघळणारे रासायनिक खतही क्षार मागे ठेवते. जे द्यायचे ते आच्छादन बाजूला सारून मातीवर द्या: पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत, फुले लागल्यावर पातळ केलेले पेंडीचे पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. ते वापरू नका. पिशवीच्या बाहेरून पांढरे क्षार दिसणे मात्र नेहमीचेच आहे, ब्रशने झटकले की पुरे.

मडके भरलेलेच राहते, पातळी उतरत नाही आणि झाड मरगळलेले, असे दिसले तर छिद्रे बुजली आहेत किंवा मातीचा संपर्क सुटला आहे. आधी भोवतालची माती दाबून वरून भरपूर पाणी द्या. त्यानेही फरक पडला नाही, तर मडके बदलणे हंगाम संपल्यावरच शक्य होते. तोवर वरून पाणी.

मार्चपासून दुपारचे ऊन चढले की फुले गळू लागतात. पाणी कमी पडले असे वाटून लोक आणखी पाणी ओततात, पण पस्तीस अंशांवरच्या उन्हात फूल फळ धरत नाही. दुपारपुरती हिरवी जाळी बांधा.

पाने वळली, झाड कोमेजले

पाने वरच्या बाजूला वाटीसारखी वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी ही बारीक कीड, हा ढोबळ नियम. दोन्हींसाठी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याने पुन्हा. पाने बारीक, पिवळट, गुच्छासारखी झाली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणूचा चुरडा-मुरडा. त्यावर औषध नाही. झाड उपटून टाका, बाकीची वाचतील.

झाड हिरवेगार असतानाच दोन दिवसांत कोमेजले, माती ओली असूनही सावरले नाही, तर जिवाणूजन्य मर ओळखायची. गोव्याच्या उष्ण, आम्लधर्मी मातीत ती वांगी, टोमॅटो, मिरची तिघांनाही सतावते. बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत दुधासारखा पांढरा धागा उतरू लागला की निदान झाले. पिशवीत लावण्याचा फायदा इथे कळतो, कारण रोग त्या एका पिशवीपुरता राहू शकतो. ती माती परसात ओतू नका, त्या पिशवीत पुन्हा मिरची-वांगे लावू नका, आणि तिच्यातले मडके दुसऱ्या पिशवीत मुळीच नेऊ नका.

तोडणी आणि पावसाआधीची आवराआवर

लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत पहिली हिरवी तोडणी होते. पहिल्या तोडणीला हात आखडू नका. जितके तोडाल तितकी नवी फुले येतात. पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, सुकवायच्या असतील तर मार्चनंतरची फळे झाडावरच लाल होऊ द्या, देठासकट तोडा आणि चटईवर कडक उन्हात वाळवा. रात्री दव पडते, म्हणून संध्याकाळी आत घ्या. मिरची हलवल्यावर आतले बी खुळखुळले की डब्यात भरा.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उघड्यावरच्या पिशवीतले सगळे अन्नद्रव्य त्यात वाहून जाते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस झाडे कापा, मडकी अलगद उपटून काढा, काथ्याने घासा, क्षार जमले असतील तर रात्रभर व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात ठेवा आणि पूर्ण वाळवून उपडी रचा. निरोगी पिशव्यांतली माती ताडपत्रीखाली ढीग करून ठेवा. ऑक्टोबरमध्ये तिच्यात एक तृतीयांश नवे शेणखत मिसळले की पुन्हा वापरता येते. रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून घडी घाला. ओल्याच ठेवल्या तर गणपतीच्या चवथीपर्यंत बुरशी धरते.