फाइल, दुपटं आणि वजनकाटा: पहिल्या वर्षी बाळाला डॉक्टरांकडे नेताना

डिस्चार्जचे कागद हातात आले की वॉर्डातच थांबून वाचा. जन्मवजन ग्रॅममध्ये, डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये आणि बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य (जन्मताच द्यायचा) डोस, हिपॅटायटिस बी या तिन्हींच्या तारखा त्यात हव्यात. हिपॅटायटिस बीची लस जन्मानंतर २४ तासांत द्यायची असते, म्हणून तारखेसोबत वेळही लिहून घ्या. बाळाला ऐकू येतं का ते पाहणारी कानांची ओएई चाचणी आणि थायरॉइडसाठी टाचेतून रक्त घेऊन केलेली टीएसएच चाचणी झाली का, तेही तिथेच विचारा. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. ही तारीख चुकवू नका, कारण एकदा गेलेली नजर परत आणता येत नाही.

पहिली भेट घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत. बाळाला सव्वा महिना घराबाहेर काढायचं नाही ही रीत बाकी सगळ्याला लावा, या भेटीला नको. कावीळ याच दिवसांत चढते आणि दूध पुरतं आहे की नाही तेही याच दिवसांत कळतं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं. तीन किलोंचं बाळ २,८०० ग्रॅमवर आलं तर घाबरायचं कारण नाही. घट दहा टक्क्यांकडे झुकू लागली की दूध पाजण्याची पद्धत डॉक्टरांसमोर दाखवायची. साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत यायला हवं.

या भेटीच्या दिवशी डाळीचं पीठ आणि हळद लावून आंघोळ घालू नका. हळदीची झाक त्वचेवर राहिली की कावीळ किती उतरली आहे ते ठरवणं अवघड होतं. तेलही नको, बाळ काट्यावर निसटतं.

नेहमीच्या तपासणीचा खरा गाभा म्हणजे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर. बहुतेक घरांत लक्ष लसीच्या सुईकडे असतं, म्हणून हे आकडे घाईत उरकले जातात. पहिल्या तीन महिन्यांत बाळ रोज साधारण २५ ते ३० ग्रॅमनं वाढतं. भिजलेला डायपर सहज दीडशे ग्रॅमचा भरतो, म्हणजे पाच-सहा दिवसांची वाढ नुसत्या डायपरनं खोटी दाखवता येते. तेव्हा वजन उघड्या अंगानं, शक्यतो दर वेळी त्याच काट्यावर, आणि काटा शून्यावर आहे हे बघून. खाली टाकलेल्या दुपट्याचं वजन वजा केलं का, हे विचारायला संकोच नको. डोक्याचा घेर पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत सुमारे एक. आकडे वहीत लिहिणं पुरेसं नाही, माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात ठिपका मांडून घ्या. एकटा ठिपका काही सांगत नाही. तीन-चार ठिपके जोडल्यावर रेघ चढते आहे की आडवी पडली आहे ते दिसतं. शेजारचं बाळ सहा किलोंचं आहे, हा निकष नव्हे.

आता लसी. सरकारी वेळापत्रकात दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने आणि मग १६ ते २४ महिने. दीड महिन्याला महापालिकेच्या आरोग्य केंद्रावर एकाच दिवशी पाच लसी मिळतात: तोंडातून पोलिओ आणि रोटाव्हायरस, एका मांडीत पेंटाव्हॅलंट (डीपीटी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि आणखी दोन, अशी पाच रोगांवरची एकत्र लस), दुसऱ्या मांडीत न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची), आणि उजव्या दंडाच्या त्वचेत पोलिओची छोटी सुई. टोचणी मांडीच्या बाहेरच्या बाजूला हवी, कुल्ल्यावर नको. नऊ महिन्यांना गोवर-रुबेला आणि अ जीवनसत्त्वाचा डोस असतो.

केंद्रावर बीसीजी आणि गोवर-रुबेला ठरावीक वारीच का देतात? त्या बाटल्या एकदा विरघळवल्या की चार तासांत संपवाव्या लागतात, उरलेली लस फेकावी लागते. त्यामुळे पुरेशी मुलं जमल्यावरच बाटली फोडली जाते. आशाताईंना किंवा परिचारिकेला वार विचारून ठेवा आणि सकाळी पोहोचा, दुपारी गेलात तर हेलपाटा होऊ शकतो.

खासगी दवाखान्यात 'पेनलेस' म्हणून जी लस देतात ती टोचताना दुखतेच. नंतरचा ताप आणि सूज मात्र कमी असते. केंद्रावरच्या पेंटाव्हॅलंटमधल्या साध्या डीपीटी घटकामुळे त्रास थोडा जास्त होतो, पण डांग्या खोकल्यापासून संरक्षण त्यानं अधिक काळ टिकतं असं मानतात. म्हणून केंद्रावरची मोफत लस दुय्यम समजू नका. काही लसी केंद्रावर, काही दवाखान्यात, असं चालेल, फक्त नोंद एकाच कार्डावर हवी. टोचण्याआधी बाटलीवरचं नाव आणि मुदत वाचा, लेबल कार्डावर चिकटवून घ्या. तारीख हुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढे चालू होतो. अपवाद रोटाव्हायरसचा, त्याला वयाची मर्यादा आहे. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी संध्याकाळच्या ओपीडीऐवजी सकाळचा नंबर लावावा. कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंत संध्याकाळी भुकेलं बाळ मांडीवर घेऊन बसणं ही शिक्षाच आहे. ऐरोली, वाशीहून ठाण्याला येणाऱ्यांनी गर्दी ओसरल्यावरची ट्रान्स-हार्बर लोकल धरावी. दवाखान्यात फोन करून लसीच्या मुलांसाठी वेगळी वेळ आहे का ते विचारा, नाहीतर तापाच्या मुलांशेजारी तासभर बसावं लागतं. पिशवीत फाइल, दोन डायपर, जादा कपडे, दुपटं. पुढून उघडणारं झबलं घाला. दिवसातून किती वेळा दूध, किती लंगोट ओले, आणि बाळगुटी देत असाल तर तिच्यात काय काय उगाळता, हे कागदावर लिहून न्या. गुटी मधात देत असाल तर वर्षभर मध बंद. लस टोचताना अंगावर पाजलं तर बाळ कमी रडतं. नंतर अर्धा तास तिथेच थांबा.

सुईच्या जागेवर तेल, हळद, मालिश नको. बीसीजीची पुळी काही आठवड्यांनी उठते, पिकते, व्रण ठेवून बसते. ती दाबू नका, मलम लावू नका.

सगळ्यात धोकादायक गोंधळ पॅरासिटामॉलचा. थेंबांच्या बाटलीत एका मिलीलीटरमध्ये १०० मिलीग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये पाच मिलीलीटरमध्ये १२०. पाच किलोंच्या बाळाला ५० ते ७५ मिलीग्रॅम लागतं, म्हणजे थेंबांचं अर्धा ते पाऊण मिलीलीटर, किंवा सिरपचं दोन ते तीन. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं तर चौपट डोस जातो. चिठ्ठीवर औषधाची ताकद लिहून घ्या आणि बाटलीशी ताडून पाहा. ड जीवनसत्त्वाचंही तसंच: रोज ४०० युनिट, पण बाटली ४०० चीही मिळते, ८०० चीही.

लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला लस नसताना १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर औषध न देता त्याच दिवशी दाखवा. बाळ दूध ओढत नाही, ढिलं पडलं आहे, झटके येतात किंवा तीन तास सलग रडतं, तर रात्रीच निघा. कुठे जायचं ते आधीच ठरवून फ्रिजवर लिहून ठेवा, कारण जवळचा दवाखाना रात्री बंद असतो.