वॉरंटी संपल्या संपल्या गाडी बसली तर: कंपनीकडे जाण्याआधीची तयारी

माझी गाडी 24 एप्रिल 2025 ला मुंबईत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या सिग्नलला बंद पडली. तीन वर्षांची वॉरंटी 1 एप्रिलला संपली होती. मध्ये फक्त तेवीस दिवस. गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं होतं, एस्टिमेट निघालं 1,62,000 रुपयांचं, आणि ते सगळे मी भरले. कंपनीच्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला होता, "मॅडम, वॉरंटीत असताना ही तक्रार जॉब कार्डवर आली होती का?" तक्रार मी केली होती. नोव्हेंबरच्या सर्व्हिसला ॲडव्हायजरसमोर उभी राहून सांगितलं होतं की हायवेच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी धक्के मारते. त्याने एक चक्कर मारली, "डीसीटीला एवढं होतंच" म्हणाला (डीसीटी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), टॅबवर माझी सही घेतली. त्या जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप भरतं त्या कामाच्या कागदावर, लिहिलं होतं: पेड सर्व्हिस, व्हील अलाइनमेंट, वॉशिंग. धक्क्यांचा एक शब्द नाही. विषय तिथेच संपला.

यंदा दादाची गाडी वॉरंटी संपून चाळीसेक दिवस झाल्यावर अशीच बसली. त्याच्याकडे ती नोंद होती, दोनदा होती, आणि कंपनीने पार्टच्या किमतीचे 70 टक्के उचलले. तेव्हापासून नात्यातले, ऑफिसमधले विचारतायत की जाताना काय काय न्यायचं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी जुनी जॉब कार्डं. बिलं नव्हेत, जॉब कार्डं. बिलात काय बदललं ते असतं, जॉब कार्डात तुम्ही काय सांगितलं ते असतं. त्यात 'कस्टमर व्हॉइस' किंवा 'ग्राहकाची तक्रार' असा एक रकाना असतो, तो शोधा. गाडी सोडताना मेसेजवर जी लिंक येते तिच्यात पीडीएफ असते, पण काही महिन्यांनी ती उघडत नाही. न मिळाल्यास वर्कशॉपकडे गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी ईमेलवर मागा. 'देतो' म्हणून टाळतील, तिथे उभं राहून घ्या. आणि ज्यांची वॉरंटी अजून शिल्लक आहे त्यांनी पुढचं काहीही वाचलं नाही तरी चालेल, एवढंच करा: गाडीत बारीकसं काही वेगळं वाटलं की ते जॉब कार्डवर, तुमच्या शब्दांत, लिहून घ्या. "जनरल चेकअप" लिहिलं तर सही करू नका. "30,000 किलोमीटरपासून, कमी वेगात, पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्का" असं पूर्ण वाक्य टाकायला लावा. मागे दहा गाड्या हॉर्न मारत असतील, ॲडव्हायजर घड्याळ बघत असेल, तरी थांबा. चाचणीत दोष सापडला नाही तरी "तपासले, दोष आढळला नाही" एवढी ओळसुद्धा पुढे कामाला येते, कारण तक्रार वॉरंटीतली होती हे तिच्यावरून सिद्ध होतं.

ती नोंद नसलेल्यांसाठी थोडी आशा आहे, मला ती तेव्हा माहीत नव्हती. ॲडव्हायजरला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज, धक्क्याचा किंवा आवाजाचा तारीख असलेला व्हिडिओ, सर्व्हिसनंतर फीडबॅकसाठी आलेल्या मेसेजला दिलेलं उत्तर, यातलं काहीही चालतं. दुसरं म्हणजे स्कॅन रिपोर्ट. आजच्या गाड्यांचे कंट्रोल युनिट फॉल्ट कोड साठवून ठेवतात, आणि काही गाड्यांत तो कोड पहिल्यांदा किती किलोमीटरला आला हेही राहतं. तो आकडा वॉरंटीच्या आतला निघाला तर तुमची बाजू एकदम भक्कम होते. म्हणून गाडी वर्कशॉपमध्ये गेली की पहिली मागणी हीच करा: कोड मिटवायच्या आधी पूर्ण स्कॅन रिपोर्ट छापून द्या. आधी. टेक्निशियन सवयीने कोड क्लिअर करून "परत येतो का बघू" म्हणतो, आणि एकदा पुसलं की परत मिळत नाही. गल्लीतल्या मेकॅनिकला बॅटरीची वायर काढून लावू देऊ नका, त्यानेही काही नोंदी जातात.

तारीख नीट तपासा. वॉरंटी डिलिव्हरीच्या किंवा इन्व्हॉइसच्या तारखेपासून मोजतात, आणि वर्षं किंवा किलोमीटर यातलं जे आधी भरेल तिथे संपते. मी गाडी 2022 च्या गुढीपाडव्याला घेतली होती, 2 एप्रिलला. 2025 चा पाडवा 30 मार्चला आला, आणि पाडव्याला गुढी उतरवताना मी मनात म्हटलं, तीन वर्षं झाली, संपली वॉरंटी. प्रत्यक्षात दोन दिवस बाकी होते. ते धक्के तर रोजच बसत होते. त्या दोन दिवसांत नुसतं जाऊन एक जॉब कार्ड उघडलं असतं तरी लाखभर रुपये वाचले असते. असो. इन्व्हॉइस, वॉरंटी बुक आणि ओडोमीटरचा फोटो बंद पडल्याच्या दिवशीच काढून ठेवा.

टोइंगची पावती जपा. ऑटोमॅटिक गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे चारही चाकं वर घेणाऱ्या ट्रकवरच न्या, पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर कंपनीला नकाराचं आयतं कारण मिळतं.

सर्व्हिस वेळेवर, अधिकृत वर्कशॉपमध्येच झाली आहे ना, हे ते पहिल्यांदा बघणार. एखादी बाहेर केली असेल तर लपवू नका, ऑइलच्या ग्रेडसह बिल द्या. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, वायर कापून लावलेले दिवे, रीमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल), यांपैकी काही असेल आणि बिघाडाशी त्याचा संबंध जोडता येत असेल तर दावा तिथेच अडकतो. मुंबईत आणखी एक गोष्ट: पाणी. पावसाळ्यानंतर बिघाड झाला की "पाणी गेलंय" हे उत्तर तयार असतं. तुमची गाडी कधी पाण्यात उभी राहिली नसेल तर गाडी आत घेतानाच कनेक्टरचे, कार्पेटखालचे फोटो त्यांच्यादेखत काढा. खरंच पाणी गेलं असेल तर हा विषय विम्याचा आहे, कंपनीचा नाही, तिकडे वेळ घालवू नका.

नेमका कोणता पार्ट गेला ते लेखी घ्या. "गिअरबॉक्स गेला" हे उत्तर नव्हे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर या झिजणाऱ्या वस्तू, त्या वॉरंटीतही बहुतेक वेळा धरत नाहीत. मेकाट्रॉनिक, टर्बो, एसीचा कॉम्प्रेसर, इंजिनचा ईसीयू (कंट्रोल युनिट) हे झिजणाऱ्यांत बसत नाहीत, आणि 38,000 किलोमीटरला ते जाणं ग्राहकाच्या वापरामुळे झालं असं म्हणायला त्यांना कारण दाखवावं लागतं. ड्राय क्लचची डीसीटी असेल तर ते ट्रॅफिककडे बोट दाखवतील. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा क्लच अर्धवट लागून घासत राहतो, थंड करायला तेल नसतं, तापतो, हे खरंच आहे. पण ती गाडी मुंबईत विकताना, बोरिवली ते अंधेरी रोज दीड तास लागतो हे विकणाऱ्याला माहीत होतं. हे शांतपणे, लेखी मांडा. काउंटरवर भांडून उपयोग नाही.

त्या मॉडेलचा रिकॉल (दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) किंवा सर्व्हिस कॅम्पेन आहे का ते चासी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर पाहा, सियाम या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या साइटवर रिकॉलची यादी असते तीही पाहा. रिकॉलमध्ये असेल तर वॉरंटीचा प्रश्नच येत नाही, काम फुकट होतं.

आता सही. ही दुसरी मोठी चूक, हीही मीच केली. एस्टिमेटवर "काम सुरू करा" अशी सही किंवा मेसेजला 'येस' पाठवू नका, जोपर्यंत कंपनीचं लेखी उत्तर येत नाही. नवीन पार्ट बसला आणि पैसे भरले की कंपनीला निर्णय घ्यायची घाई उरत नाही. फक्त तपासणीला मंजुरी द्या, उघडण्याचे चार्जेस किती ते आधी विचारा, आणि गाडी तिथे उभी राहिल्याचे पार्किंगचे पैसे लावणार का हेही लिहून घ्या, कारण उत्तर यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढे दिवस लोकलने जायची तयारी ठेवा. मला तीच नव्हती, चौथ्या दिवशी कंटाळून मी होकार दिला. आणि या नव्या जॉब कार्डवरसुद्धा, सही करायच्या आधी, लिहून घ्या: "हीच तक्रार अमुक महिन्यात, वॉरंटीत असताना, ॲडव्हायजरला तोंडी सांगितली होती." उशिरा का होईना, ती ओळ कागदावर यायलाच हवी.

मागायचं कोणाकडे? डीलर वेगळा, कंपनी वेगळी. डीलरच्या हातात पार्टचे पैसे सोडणं नसतं, तो फार तर मजुरीत सूट देईल. पण कंपनीकडे प्रस्ताव त्याच्याच सिस्टिममधून जातो, म्हणून सर्व्हिस मॅनेजरला भेटून सांगा, "गुडविलसाठी केस टाका." हाच शब्द वापरा, गुडविल, त्याला बरोबर कळतं. वॉरंटी संपल्यावर कंपनी स्वखुशीने जो खर्च उचलते त्याला ते गुडविल म्हणतात. त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्या, आणि कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर वर्कशॉपला कधी येणार ते विचारून त्या दिवशी स्वतः हजर राहा. दादाने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. सर्व्हिस मॅनेजर सुरुवातीला म्हणत होता की "साहेब, आधीची तक्रार दिसत नाही." दादाने पिशवीतून दोन जॉब कार्डं काढून टेबलावर ठेवली, 'कमी वेगात धक्का' या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली. कंपनीच्या माणसाने दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढले आणि पुढचं बोलणं थेट टक्क्यांवर आलं.

पत्र एका पानाचं. गाडीचा नंबर, चासी नंबर, डिलिव्हरीची तारीख, वॉरंटी संपल्याची तारीख, बिघाडाची तारीख, किलोमीटर, पार्टचं नाव, एस्टिमेट, सर्व्हिसच्या तारखा. मग वॉरंटीतल्या तक्रारीची तारीख आणि जॉब कार्ड नंबर, ठळक. शेवटी नेमकं काय हवं ते: "पार्टचा पूर्ण खर्च कंपनीने करावा, मजुरी मी देईन." नुसतं "योग्य तो निर्णय घ्यावा" लिहिलं की दहा टक्के हातावर ठेवतात. पहिल्या पत्रात कोर्टाचं नाव काढू नका. हा हक्क नाही, विनंती आहे, आणि नकार द्यायला कारण शोधणाऱ्याला ते कारण आपण देऊ नये.

ऑफर आली तर विचारा: टक्के फक्त पार्टवर की मजुरीवरही, जीएसटी धरून की सोडून, आणि किती दिवस लागू. फोनवर सांगितलेलं ईमेलवर मागा. पहिल्या ऑफरवर एकदा तरी परत लिहा.

नकार आला तर तोही लेखी घ्या, कारणासकट. मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. आयोग आणि फी गाडीला मोजलेल्या किमतीवर ठरतात, दुरुस्तीच्या बिलावर नाही: 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. तिथे मुद्दा वॉरंटीचा राहत नाही, पार्टमध्ये मुळातच दोष होता हे दाखवावं लागतं, आणि आयोग पार्ट प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. म्हणून जुना पार्ट सोडू नका. गुडविलमध्ये कंपनी तो परत मागते, पण पूर्ण पैसे तुम्ही भरले असतील तर तो तुमचा आहे, खोक्यात घालून, सिरियल नंबरचा फोटो काढून घरी आणा. मी आणला नाही.

गाडी परत घेताना नव्या पार्टची वॉरंटी किती महिन्यांची, किती किलोमीटरची, ते बिलावर छापून घ्या. ट्रायल एस. व्ही. रोडसारख्या तुंबलेल्या रस्त्यावर घ्या, मोकळ्या रस्त्यावर धक्का कळत नाही. जरा जरी जाणवला तर तिथूनच वर्कशॉपला परत वळा आणि जॉब कार्ड उघडायला लावा.