संस्थेसाठी पहिली मॅरेथॉन धावायची असेल, तर तयारी कशी करावी

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. जानेवारीतील तिसऱ्या रविवारी होणाऱ्या या स्पर्धेत अनेक जण एखाद्या सामाजिक संस्थेसाठी देणग्या गोळा करून धावतात, आणि या निधी-संकलनाचे काम ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था पाहते. असा संकल्प करणाऱ्याने एक गोष्ट आधीच ओळखावी. येथे सराव दोन कामांचा करायचा असतो, धावण्याचा आणि मागण्याचा. बहुतेक जण पहिल्याचे वेळापत्रक आखतात आणि दुसरे काम शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात.

सर्वप्रथम अंतर ठरवावे. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. जुलैच्या मध्यापर्यंत न थांबता, सावकाश का होईना, दहा किलोमीटर धावता येत असेल, तरच त्या जानेवारीसाठी पूर्ण अंतराचा विचार करावा. अन्यथा अर्ध मॅरेथॉन किंवा दहा किलोमीटरची शर्यत निवडण्यात काहीही कमीपणा नाही, कारण देणगीदार किलोमीटर मोजून पैसे देत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी सरावापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

त्यानंतर संस्था निवडावी, आणि शक्य असल्यास तिचे काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मागील वर्षी मिळालेल्या देणग्यांतून नेमके काय झाले, हे संस्थेला स्पष्ट विचारावे. या प्रश्नाचे मोघम उत्तर मिळाले, तर दुसरी संस्था शोधावी. आपल्याला जे नीट समजलेले नाही, ते आत्याला किंवा कार्यालयातील सहकाऱ्याला पटवून देता येत नाही.

पैशांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: देणगी कधीही स्वतःच्या बँक खात्यात घेऊ नये. देणगीदाराने ती थेट संस्थेच्या खात्यात किंवा संस्थेच्या अधिकृत निधी-संकलन पानावर जमा करावी आणि पावती त्याच्याच नावाने निघावी. नोंदणी शुल्क, बूट, प्रवास हा खर्च आपला स्वतःचा आहे आणि तो देणगीच्या हिशेबात मिसळू नये. संस्थेकडे ८०जीची मान्यता असल्यास देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळू शकते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या ५० टक्के रकमेवर आणि उत्पन्नाशी निगडित मर्यादेत असते. मात्र दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती नाहीच. परदेशातील नातेवाइकांकडे मागताना अधिक जपावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी कायद्याने परकीय देणगी ठरते आणि ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालील नोंदणी असावी लागते. भारतीय पारपत्र असलेल्या नातेवाइकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशांना हा नियम लागत नाही.

आता धावण्याकडे वळू. आठवड्यातून चार दिवस धावणे नवख्यासाठी पुरेसे आहे. त्यांपैकी तीन धावा लहान आणि रविवारची एक लांब असावी. वेग इतकाच ठेवावा की शेजारच्या धावपटूशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. नवख्याची सर्वांत मोठी अडचण हीच असते की त्याला हा वेग लाजिरवाणा वाटतो आणि तो रोजच शर्यत धावतो; पुढे नडगी किंवा गुडघा दुखू लागतो आणि महिनाभर घरी बसावे लागते. लांब धावेचे अंतर दर आठवड्याला थोडेथोडे वाढवावे, दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावे, आणि डिसेंबरच्या अखेरीस ३० ते ३२ किलोमीटरची एक धाव पूर्ण करून उरलेले तीन आठवडे सराव उतरता ठेवावा. सरावात पूर्ण ४२ किलोमीटर धावण्याची गरज नसते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेच्या रूपातील ऊर्जासाठा, साधारणपणे तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि पाय शिशासारखे जड होतात. म्हणून लांब धावेत दर अर्ध्या-पाऊण तासाने केळे, खजूर, चिक्की किंवा धावपटूंसाठीचे ऊर्जा देणारे जेल यांपैकी पोटाला मानवेल ते खाण्याची सवय आधीपासून लावावी. पाणी तहानेनुसार प्यावे आणि घामातून जाणारे मीठ भरून काढावे. केवळ पाणी अतिरेकी प्यायल्यास रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण मूत्रपिंडांवर ताण येतो. पावसाळ्यात सुके मोजे आणि भरपूर व्हॅसलीन यांचे महत्त्व पहिल्याच ओल्या रविवारी कळते.

देणगीचे आवाहन दिवाळीच्या आधी सुरू करावे. पहिली देणगी स्वतःची द्यावी, नंतर जवळच्या पाच-सात जणांना फोन करावा आणि निधीच्या पानावर काही रक्कम दिसू लागली की बाकीच्यांकडे वळावे. रिकाम्या पानावर पहिला पैसा टाकायला लोक कचरतात. सोसायटीच्या गटावर टाकलेल्या संदेशाला अंगठे मिळतात, पैसे क्वचितच. प्रत्येकाला नावाने लिहावे, किती रकमेतून काय होईल ते सांगावे, आणि उत्तर न आल्यास एकदाच, सौम्यपणे आठवण करावी.

शर्यतीच्या दिवशी बूट, कपडे, न्याहारी यांपैकी काहीही नवे नसावे. पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून अंधारातच सुटते. तो गारवा फसवा असतो, कारण परतीचे अंतर उन्हात कापायचे असते. पेडर रोडचा चढ परतताना नेमका पाय थकलेले असताना येतो. तो चालत चढायचा, असे आधीच ठरवून ठेवल्यास पुढे मरीन ड्राइव्हवर पुन्हा धावता येते.

शर्यतीनंतर आठवडाभरात प्रत्येक देणगीदाराला एकूण जमा रक्कम आणि ती कोणत्या कामासाठी गेली हे कळवावे. सर्वांची नावे, पत्ते व पॅन क्रमांक संस्थेकडे पोहोचले आहेत याची मार्चअखेरीपूर्वी खातरजमा करावी. ही माहिती अपुरी राहिल्यास करसवलतीसाठी लागणारे देणगीचे प्रमाणपत्र निघत नाही, आणि विवरणपत्र भरण्याच्या वेळी देणगीदाराचा फोन संस्थेला नव्हे, तुम्हालाच येतो.