अर्धशिशीच्या (मायग्रेनच्या) प्रथिनांचा अभ्यास: आधी एक जोडी धरा

तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली मुलंमुली मला विचारतात, "ताई, मेंदूच्या आजारांवर, प्रथिनांवर काम करायचं आहे. आधी काय वाचू?" बहुतेकांनी कुठेतरी प्रथिनांच्या जाळ्याचं, म्हणजे कोणत्या प्रथिनाचा कोणाशी संबंध हे रेषांनी दाखवणारं, रंगीत चित्र पाहिलेलं असतं आणि तेच करायचं मनात असतं. मी म्हणते, जाळं राहू द्या, आधी एक जोडी धरा. दोन प्रथिनं एकमेकांना नेमकी कुठे चिकटतात, नाही चिकटली तर काय अडतं आणि हे कुणी कसं सिद्ध केलं, एवढं एका जोडीबद्दल पक्कं झालं की जाळं वाचायला जमतं.

मी अर्धशिशीकडे आले ती आईमुळे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत तिचं डोकं उठलं की ती धुऱ्यावर पदर डोळ्यांवर ओढून बसायची, उजेड नको, आवाज नको, मग उलटी. आजी म्हणायची, "ऊन लागलं वं तिले, कांदा फोडून दे हुंगाले." ऊन, उपास, जागरण ही निमित्तं असतातच, पण आजार मुळात चेतासंस्थेचा आहे. उपचाराशिवाय ४ ते ७२ तास टिकणारं, बहुधा एका बाजूचं, ठणकणारं, हालचालीने वाढणारं दुखणं आणि सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज सहन न होणं, अशी त्याची ओळख वैद्यकात ठरलेली आहे. गावात हे कुणाला सांगायची वेळ आली तर आणखी एक गोष्ट सांगा: किराणा दुकानातली साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर त्या गोळ्यांनीच डोकेदुखी जडू शकते. म्हणून डॉक्टरला दाखवणं टाळू नये.

आता जोडीकडे. ती आहे सीएलआर आणि रॅम्प-१ या प्रथिनांची, पण त्याआधी ती ज्याला धरते ते पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, पाहू. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची संवेदना ट्रायजेमिनल नावाची चेता वाहून नेते. तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं ३७ अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड सुटतं. ज्या जनुकापासून थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन बनतं, त्याच जनुकाचा आरएनए चेतापेशींत वेगळ्या रीतीने जोडला जातो आणि सीजीआरपी तयार होतं. १९९० साली गोड्सबी, एडविन्सन आणि एकमन यांनी अर्धशिशीचा झटका चालू असताना रुग्णांच्या मानेतल्या शिरेतलं रक्त तपासलं, तेव्हा त्यात सीजीआरपी वाढलेलं आढळलं. पुढे उलटा प्रयोगही झाला: अर्धशिशीच्या रुग्णांना शिरेतून सीजीआरपी दिलं की अनेकांना झटका येतो. दोन्ही बाजूंनी पुरावा मिळाल्यावर औषधाची वाट दिसू लागली.

पण या पेप्टाइडचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन, कोणता? सीएलआर नावाचं प्रथिन माहीत होतं, पेशीच्या पडद्यातून सात वेळा ये-जा करणारं, पण एकटं असताना ते सीजीआरपीला दाद देईना. १९९८ मध्ये उलगडा झाला. रॅम्प-१ नावाचं, पडद्यातून एकदाच जाणारं लहान प्रथिन सोबत असेल तरच सीएलआर पेशीच्या पृष्ठभागावर पोचतं आणि सीजीआरपीचा रिसेप्टर होतं. त्याच सीएलआरला रॅम्प-२ ची जोड मिळाली, तर ते अॅड्रेनोमेड्युलिन या दुसऱ्याच पेप्टाइडचा रिसेप्टर बनतं. प्रथिन तेच, सोबती बदलला की काम बदलतं. प्रथिनांच्या परस्परक्रियेचं याहून चांगलं पहिलं उदाहरण मला सापडलेलं नाही, म्हणून मी प्रत्येकाला इथूनच सुरू करायला लावते.

फोनवर प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या रचनांचा संग्रह उघडा आणि सहा-ई-तीन-वाय (6E3Y) हा क्रमांक टाका. २०१८ साली क्रायो-ईएम, म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहायच्या पद्धतीने मिळालेली या रिसेप्टरची रचना समोर येते. बोटाने फिरवा. सीजीआरपीचं एक टोक सीएलआरच्या पडद्यातल्या भागात खोल गेलेलं दिसेल आणि दुसरं टोक बाहेर, सीएलआर आणि रॅम्प-१ यांच्या जवळ. सीजीआरपीचा रिसेप्टर अडवणाऱ्या जेपंट गटातल्या गोळ्या याच बाहेरच्या भागात, दोन प्रथिनांच्या मधल्या खाचेत बसतात. रॅम्प-१ मध्ये ७४ व्या जागी माणसात ट्रिप्टोफॅन आहे, रॅटमध्ये लायसिन. एवढ्या फरकामुळे ओल्सेजेपंट हे याच गटातलं सुरुवातीचं औषध माणसाच्या रिसेप्टरला घट्ट धरायचं आणि रॅटच्या रिसेप्टरला कितीतरी सैल. रॅटच्या प्रथिनात ते एकच अमिनो आम्ल बदललं तर पकड माणसासारखी झाली. प्राण्यांवरचा कुठलाही निष्कर्ष वाचताना हे ध्यानात असू द्या.

इथे एक मत स्पष्ट सांगते. आपल्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पांत एखाद्या वनस्पतीतले रेणू घेऊन प्रथिनावर डॉकिंग करायची, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर आजमावायची, फार चाल आहे. सीएलआर एकटं घेऊन, रॅम्प-१ वगळून केलेल्या डॉकिंगमध्ये ती खाचच अर्धी असते. मग आकडा कितीही देखणा येवो, त्यावरून अर्धशिशीबद्दल काही म्हणता येत नाही.

जोडी पक्की झाली की मग प्रथिनांची जाळी दाखवणारा स्ट्रिंग डेटाबेस उघडा. रॅम्प-१ शोधा, सजीव म्हणून माणूस निवडा. आलेल्या जाळ्यातल्या प्रत्येक रेषेवर बोट ठेवून पुरावा उघडायचा. गुलाबी रेषा म्हणजे प्रयोगातला पुरावा, आकाशी म्हणजे इतर डेटाबेसमधली नोंद, पोपटी म्हणजे दोन्ही नावं शोधनिबंधांत एकत्र येतात एवढंच. सेटिंगमध्ये फक्त प्रत्यक्ष जुळणीचं जाळं मागता येतं आणि रेषेच्या खात्रीच्या गुणांची किमान मर्यादा ०.४ वरून ०.७ वर नेता येते. असं केलं की बऱ्याच रेषा गळून पडतात. त्या का गळल्या हे वहीत लिहा. खरा अभ्यास तोच.

सीजीआरपी आणि सबस्टन्स पी ही दोन पेप्टाइडं घ्या. दोन्ही एकाच चेतातंतूंच्या टोकांत सापडतात, निबंधांत सतत शेजारी येतात, म्हणून जाळ्यातही जवळ दिसतात. पण दोघांचे रिसेप्टर वेगळे. सबस्टन्स पीचा रिसेप्टर अडवणारी औषधं अर्धशिशीच्या चाचण्यांत अपयशी ठरली, आणि सीजीआरपीच्या बाजूने २०१८ मध्ये अमेरिकेत एरेनुमॅब या प्रतिपिंड (अँटिबॉडी) औषधाला मान्यता मिळाली. हे प्रतिपिंड सीएलआर आणि रॅम्प-१ यांच्या जोडावरच बसतं. प्रतिपिंड एवढं मोठं असतं की मेंदूत ते जवळजवळ शिरतच नाही, तरी गुण येतो. ट्रायजेमिनल चेतेची गाठ रक्त-मेंदू अडसराच्या बाहेर आहे, त्यामुळे तिथे ते पोचू शकतं. जाळ्यात जवळ असणं आणि आजारात कारणीभूत असणं यांतलं अंतर या दोन पेप्टाइडांनी मला शिकवलं.

सगळी अर्धशिशी सीजीआरपीनेच होते असं मात्र नाही. काहींना त्यावरच्या औषधांनी फरक पडत नाही. पॅकॅप हे दुसरं पेप्टाइड आहे, मेंदूच्या पृष्ठभागावर मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने सरकणारी, १९४४ मध्ये लेआव यांनी नोंदवलेली विद्युत लाट आहे, कुटुंबात चालत येणाऱ्या दुर्मीळ प्रकारात आयन वाहिन्यांची जनुकं आहेत. ते पुढच्या वर्षी वाचा.

व्यवहाराचं थोडं. शोधनिबंधांसाठी पैसे मोजायची गरज नाही, पबमेड सेंट्रल या संकेतस्थळावर भरपूर मोफत आहे. नेटवर्क असेल तेव्हा उतरवून ठेवा, लाईन गेली तरी वाचता येतं. इंग्रजी जड जात असेल तर आधी आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर वाचा आणि स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहा. एनपीटीईएल या ऑनलाइन वर्गांच्या संकेतस्थळावर जैवरसायन आणि जैवमाहितीशास्त्राचे वर्ग फुकट ऐकता येतात. कॉलेजात वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यातलं एखादं प्रथिन ओळखायची पद्धत, पाहायला मिळत नसेल, तर तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करा, त्यासाठी दिवाळीपासून त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या प्रवेश परीक्षा, नंतर सीएसआयआर-नेट ही परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. घरी सोयाबीनचा भाव पडलेला असताना या आकड्याने माझ्या शिक्षणाला घरच्यांची परवानगी मिळवून दिली, म्हणून तो मुद्दाम सांगते.

आणि प्रयोगशाळांना पत्र लिहा. "मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे" या वाक्याला उत्तर येत नाही. तुम्ही कोणती जोडी अभ्यासली, तिच्यासाठी कोणता पुरावा तपासला, कुठे अडलात आणि त्या प्रयोगशाळेच्या कोणत्या निबंधात त्याचा धागा दिसला, एवढं एका पानात लिहा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण द्या, आणि तोवर दुसऱ्या प्रयोगशाळेचे निबंध वाचायला घ्या.